खणखणीत म्हणजे पास

विजेच्या खांबावर तारेखाली तपकिरी वाट्या असतात ना, त्या चिनी मातीच्या. आमच्या रोह्याच्या कंपनीत त्या भट्टीतून निघाल्या की माझ्यासमोर यायच्या. लाकडी हातोडीने एक टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर माझा शिक्का, बद्द वाजली तर भंगार. बद्द म्हणजे आत केसाएवढा तडा. पुढे विजेवरही तपासायचे, पण एखादा तडा तिथूनही निसटायचा. मग पावसाचं पाणी त्यात शिरलं की वीज खांबात उतरते, आणि खांबाला माणूस हात लावतो. माझ्या घरातच असा एक माणूस होता. नवरा ठेकेदाराकडे वायरमन, पेण ते रोहा लाईनवर.

माहेरी जोह्याला माझा बाप गणपतीच्या मूर्ती करायचा, मूर्ती वाळली की नाय ते बोटाच्या पेराने ठोकून ओळखायचा. "कानाने बघ," म्हणायचा. लग्न होऊन इथे रोह्याशेजारी वरशाला आले तेव्हा आंदण म्हणून हा कानच आणला म्हणा ना.

तो कानच गेला. आमच्या शेजारच्या खात्यात माती आणि गारगोटी दळणारा ढोल दिवसभर धडधडायचा. आधी कानात शिट्टी वाजायला लागली, मग उजवा गेला, मग डावा. सांगायला पायजे होतं. नाय सांगितलं. बाजारात रबराच्या वाट्या आल्या होत्या, त्या ठोकाव्या लागत नायत. आमच्यातलं कुणी गेलं की त्याची जागा भरत नव्हते. नवऱ्याचा ठेका आज हाय तर उद्या नाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, आणि गप्प बसले.

खरं सांगते, चाललंही होतं. डावा तळवा वाटीवर टेकवायचा आणि उजव्या हाताने टिचकी मारायची. चांगली वाटी तळव्यात झिणझिणते, तडकलेली मेल्यागत पडून राहते. दोन वर्षं मी तळव्याने ऐकलं आणि एकही चूक केली नाय.

मग सेफ्टीचे नवे साहेब आले आणि सगळ्यांच्या हातात जाड मोजे चढले. काढले तर मेमो. तुमच्याच भल्यासाठी, म्हणाले. जळलं ते भलं. त्या दिवसापासून मी ठोकत होते आणि काहीच येत नव्हतं, ना कानात, ना हातात. पहिला आठवडा भीतीपोटी चांगल्या वाट्याही भंगारात टाकल्या. ढीग वाढला तशी ओरड झाली. मग अंदाजाने शिक्के मारायला लागले. मीच मारले, दुसऱ्या कुणी नाय. जेवताना नवऱ्याच्या हातांकडे नजर जायची.

आमचा सुपरवायझर भला माणूस. एका दुपारी समोर येऊन बसला, एक वाटी पुढ्यात ओढली, हातोडी उचलली. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, तिथे काही दिसेल म्हणून.

"कशी वाजली, ताई?" ओठांवरून ओळखायला मी तोवर शिकले होते.

"खणखणीत," म्हटलं.

त्याने हातोडी हळूच खाली ठेवली. "मी ठोकलीच नाय," म्हणाला.

मग सगळं ओकले. त्याचे पाय धरले. नोकरीसाठी नाय, माल परत आणा म्हणून. माल कधीच गेला होता. वर कळवतो, एवढंच तो म्हणाला, आणि मला घरी जायला सांगितलं.

घरी नवरा बूट चढवत होता. कुठेतरी लाईन गेली म्हणून फोन आला होता. कान गेल्याचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, तेही तेव्हाच सांगितलं, मोज्यांचंही सांगितलं. म्हटलं, माझा शिक्का दिसेल त्या खांबावर चढू नका, तुमच्या पाया पडते.

तो उठला, माझ्यासमोर आला, आणि मला ओठ दिसावेत म्हणून तोंड सरळ धरून, एकेक शब्द सावकाश बोलला. असा तो कितीतरी दिवसांपासून बोलत होता, ते मला तेव्हा कळलं.

"शिक्का वर चढल्याशिवाय दिसत नाय गो," म्हणाला, आणि पट्टा खांद्यावर टाकून गेला.