आमच्याच मतांचा आमदार

आमच्या भागातून तो तीनदा आमदार झाला. पहिल्यांदा त्याला निवडून दिलं ते आम्ही, हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

तो आमच्याच गल्लीतला. पूर्व नागपुरात आमची कोष्ट्यांची वस्ती. त्याच्या बापाचा माग आणि माझ्या बाबांचा माग एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. सुताचे भाव चढत चालले होते आणि सरकारी पक्षाचा आमदार आम्हाला दारात उभं करत नव्हता. यानं अपक्ष अर्ज भरला. बाबांनी माग बंद ठेवून सायकलला भोंगा बांधला. आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं सोडून प्रचाराच्या पोरांसाठी भाकरी थापत बसायची. निकालाच्या दिवशी तो गुलालानं माखलेला आमच्या ओसरीवर आला, आईच्या पाया पडला.

"वहिनी, ही आमदारकी तुमची आहे."

पुढची दिवाळी यायच्या आत तो सरकारी पक्षात गेला. ज्यांना पाडलं त्यांच्यातच. बाबा त्याच्या कचेरीवर विचारायला गेले तर त्यांना दुपारपर्यंत फाटकापाशी उभं ठेवलं आणि भेट न देता परत पाठवलं. घरी येऊन ते मागावर बसले. त्या दिवशी त्यांचा धागा सारखा तुटत होता. थोड्याच दिवसांत विणकरांना सूत देणारी सोसायटीही त्याच्या हातात गेली, आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, प्रताप नगरकडे बंगला बांधून राहायला गेला.

पुढच्या निवडणुकीत आमच्या चौकात त्याची सभा झाली. भाषण रंगात आलं असताना आई बायकांमधून उठली.

"भाऊजी, ज्यायच्या विरोधात आमी तुमाले मतं देल्ली, त्यायच्याच मांडीवर जाऊन काहून बसले?"

तो हसला. "वहिनी, विकासासाठी जा लागते."

"कोनाच्या विकासासाठी? आमचा नळ तं अजून कोरडाच हाय!"

कार्यकर्त्यांनी भोंग्यावर गाणं लावलं. आई ओरडत राहिली. गाण्यात तिचं काही ऐकू येईना. मग तिनं पदर खोचला आणि चालू लागली. तिच्यामागे मी, माझ्यामागे गल्लीतल्या बाया. अर्धी सभा रिकामी झाली. मला वाटलं, पडला हा.

पडला नाही. आमच्या गल्ल्यांनी त्याला मत दिलं नाही, पण नव्या लेआउटांनी, बाहेरच्या प्लॉटांवर वसलेल्या वस्त्यांनी, भरभरून दिलं. आणि मग सोसायटीत आमच्या बाबांसाठी सूत संपलं. शेजारच्यांना मिळायचं, बाबा गेले की गोदाम रिकामं. शेवटी त्यांनी माग मोडला आणि इतवारीत एका कापड दुकानात गठ्ठे उचलायला लागले. आयुष्यभर लुगडी विणणारा माणूस मिलची लुगडी पाठीवर वाहत होता.

मला त्याच्याइतकाच राग आमच्या लोकांचा येतो. सभेतून उठून आलेल्या त्याच बाया नंतर आईला ऐकवायच्या, "तुले कोनं सांगतलं होतं वं तोंड उघडाले?" आणीबाणी उठल्यावर वारं फिरलं तसा तो पुन्हा फिरला, नवा झेंडा घेऊन आमच्याच चौकात आला. आमच्याच लोकांनी त्याला हार घातले. बाबांनी खिडकी लावून घेतली. तो पुन्हा निवडून आला.

आई मात्र दर वेळी मतदानाला सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहायची. "त्याच्या विरोधात एक तरी पडलं पाह्यजे," म्हणायची. एव्हाना वस्तीतले बरेच माग थांबले होते. पोरं रिक्षा, हमाली, मिळेल ते करत होती.

ऐंशीच्या निवडणुकीत त्याची आमदारकी गेली. आम्ही नाही घालवली. वर कुणाशी तरी बिनसलं, त्याचं तिकीट कापलं गेलं, एवढंच. गल्लीत काही जणांनी फटाके फोडले. बाबा दारात येऊन बघत होते. मी आईला सांगायला चुलीपाशी गेले, तर तिनं भाकरी एवढ्या जोरात तव्यावर आपटली की तिचा तुकडा पडला.

"तिकीट कापलं म्हनून गेला वं. आपल्या हातानं पाडाचा राह्यला तो."