शिक्का मारलेली प्रिंट

बाबांच्या मृत्यूचा दाखला मोबाइलवर आहे, पण प्रत्येक कचेरीला तो कागदावरच हवा असतो. म्हणून आज पुन्हा वाचनालयात गेलो. आमच्याकडे प्रिंट तिथेच काढून मिळते.

"आता कशासाठी?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"विजेचं मीटर नावावर करायचंय."

माणूस एकदाच जातो. आपण मात्र खिडकीखिडकीवर तो गेल्याचं सांगून दमतो.

प्रिंट निघाली. बाईंनी दिवसभराच्या सवयीने तिच्यावर वाचनालयाचा गोल शिक्का मारला आणि जीभ चावली. "अगंबाई! थांबा, दुसरी काढून देते."

दुसरी कचेरीत दिली. शिक्क्याची घरी आणली. याच शिक्क्याची पुस्तकं बाबा आयुष्यभर घरी आणायचे आणि मुदतीच्या आत परत करायचे. हे एक पान मात्र परत करायचं नाही.