खाडीपलीकडच्या वाड्यांचा समतोल

पीएचडीला मी काय करते, हे पप्पाला मी सोपं करून सांगायचे. पुष्कळ जण एकाच गोष्टीवर जगतात, जो तो आपला फायदा बघतो, हुकूम देणारा कोणी नाही. तरी नुसतं शेजाऱ्याशी बोलत बोलत सगळे अशा जागी येऊन थांबतात, जिथून एकट्याने हलण्यात कोणाचाच फायदा नसतो. तो समतोल. तिथे पोचायची रीत शोधणं हे माझं काम.

"मग आपल्या वाड्यांना शोधून दे ना," पप्पा म्हणाला.

बोरिवलीच्या खाडीपलीकडे आमचं जुनं ख्रिस्ती गाव. पप्पा आमच्या वाडीत पालक, मुळा, लाल माठ लावायचा. जमिनीखालचं गोडं पाणी सगळ्या वाड्यांचं एकच. जास्त उपसलं की खाडीचं खारं पाणी आत शिरतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक. तरी प्रत्येकाने बोअर मारलेली.

अंधेरीच्या कॉलेजात मी लॅपटॉपवर वाड्यांचा खेळ मांडला; आमच्या गणितात अशा चढाओढीला खेळच म्हणतात. शेजारची मोटर किती वेळ चालते एवढंच प्रत्येक वाडीला कळणार, त्यावरून ती आपला वेळ ठरवणार, पुन्हा विचारणार, पुन्हा बदलणार. आकडे हळूहळू स्थिरावले. समतोल सापडला. त्यात सगळ्या मोटरी जोरात चालू होत्या आणि पाणी खारं झालं होतं.

माझे गाइड खूश झाले. "झकास! पोचतंय ना? सिद्धता लिहून काढ."

"पण सर, पाणी..."

"आपण पोचवायचं बघतो गं. कुठे पोचायचं, ते खेळाच्या नियमांवर."

माणसं आकड्यांसारखी वागणार नाहीत असं मला वाटलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर शेजारच्या वाडीतल्या अंकलना गाठलं. पप्पा मोटर कमी वेळ लावणार आहे, तुम्हीही कमी लावा, म्हटलं.

"करतो की बाय," अंकल म्हणाले. खोटं बोलत नव्हते.

पप्पाने खरंच कमी केली. आमचे कडेचे वाफे सुकले. अंकलच्या वाडीत मात्र नवी वांगी दिसली. मी विचारायला गेले.

"पाणी वाढलं ना, म्हणून लावली," ते म्हणाले. "मी नाही घेतलं तर पलीकडचे घेतील."

पलीकडेही गेले. तिथे हेच उत्तर, फक्त बोट अंकलकडे.

घरी आले तर आमची मोटर पुन्हा पूर्ण वेळ चालू.

"मी एकट्याने थांबून काय होणार, तूच सांग," पप्पा म्हणाला.

माझ्या प्रबंधातली समतोलाची व्याख्याच तो बोलत होता.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी मचूळ झालं, मग चहा फाटायला लागला. पालकाची पानं कडेने जळाली. अंकलनी वाडी लग्नाच्या लॉनला भाड्याने दिली. पप्पाने मोटर विकली.

माझा शोधनिबंध एका परिषदेत स्वीकारला गेला. तो मांडताना एकाने विचारलं, समतोलाला किती लवकर पोचतं? खूप लवकर, मी म्हटलं. खरंच होतं ते.

पप्पा आता सकाळी बोटीने बोरिवलीला जाऊन भाजी विकत आणतो. कुठल्या घाण पाण्यावर वाढवलीय कोण जाणे, म्हणत एकेक पान उलटून बघतो. निम्मा पालक टाकून देतो. मी बाजूला बसून काम करत असते. शेजाऱ्यांनी एकमेकांना याहून कमी विचारूनही तोच समतोल गाठावा, असं गणित जुळवायला सरांनी सांगितलंय, आणि बहुतेक जुळेलही.