फरशी पुसणारा शिवतेज

मिरजेत अनसूयाबाई माँटेसरी पद्धतीचं बालमंदिर चालवायच्या. त्र्याण्णव सालच्या एका सकाळी चार वर्षांच्या शिवतेजच्या हातून पेल्यात ओतताना पाणी सांडलं. सांडलेलं पाणी ज्याचं त्यानं पुसायचं, हा तिथला नेमच. तो मन लावून फरशी पुसत असताना पलटणीतून रजेवर आलेले त्याचे वडील आकाराम दारात आले.

"आवं बाई, पोरगं हाय त्ये! बायकांची कामं लावताय व्हय?" त्यांनी फडकं हिसकावून भिरकावलं.

बाईंचं डोकं सणकलं. "पलटणीत तुमची बरॅक कोण झाडतं? बायका येतात?"

रडणाऱ्या पोराला खांद्यावर टाकून आकाराम निघून गेले. शिवतेज परत आला नाही.

पुढं कित्येक वर्षं पालकसभेत हे सांगताना बाईंचा आवाज चढायचा.