ओटीचा घोळ

बारावीचा निकाल लागला की आमच्या डिंगोरे गावाकडची एखादी तरी जोडी माझ्याकडे येते. पोरगं आणि त्याचा बाप. बाप बोलतो, पोरगं आपल्या चपलेकडे बघतं. "ह्याला डॉक्टर लाईनला टाकायचाय, जरा मार्गदर्शन करा." मी आधी चहा सांगतो. ह्या लाईनला मी स्वतः कसा लागलो ते लगेच सांगितलं, तर बाप पोराला घेऊन तसाच उठेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी बारावीत होतो. आमच्याकडे डॉक्टर हा एकच शब्द होता आणि तो सगळ्यांना पुरायचा. ऑपरेशन करणारा डॉक्टर, सुई टोचणारा कंपाउंडर डॉक्टर, गाईम्हशी तपासणारा डॉक्टर आणि औषधाच्या दुकानात बसणाराही डॉक्टरच. त्यामुळे मला डॉक्टर व्हायचंय म्हटल्यावर पुढचं कुणी काही विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

सल्ले मात्र भरपूर आले. आळेफाट्याला मामाचं गॅरेज होतं. तो म्हणाला, "दाताचा हो. इंजिन खोलायचं काम न्हाई, निस्ती पुढची जाळी साफ करायची." वडील म्हणाले, "ढोरांचा झालास तर घरचं तरी भागंल." आई म्हणाली, "कायबी हो, पण पांढरा कोट पायजे." मी तिघांनाही हो म्हणालो.

कामाचं बोलले ते फक्त आमचे फिजिक्सचे सर. "एखाद्या दवाखान्यात जाऊन बस. दिवसभर तिथं काय चालतं ते डोळ्यांनी बघ, मग ठरव." मी मामाला सांगितलं, डॉक्टरांबरोबर बसायला जातोय. मामा म्हणाला, "इतक्यात? आधी नंबर तर लागू दे. मग बसू की सगळे."

नारायणगावात ऑपरेशनं करणाऱ्या एक मॅडम होत्या, पन्नाशीच्या. त्यांच्या दवाखान्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर मी बसू लागलो. एक दिवस सिस्टर म्हणाल्या, "उद्या मॅडमची ओटी आहे. बघायची असेल तर सकाळी लवकर ये. आणि पोटभर खाऊन ये."

घरी जाऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं.

"मॅडमची ओटी?" आई म्हणाली. "दिवस गेलेत व्हय त्यांना?"

"त्यांचा पोरगा कॉलेजात हाय म्हणं," वडील म्हणाले.

"आसंना. देवानं दिलं तर आपण कोण नको म्हणणारं." आईनं ट्रंकेतून हिरवा खण काढला, नारळ घेतला, ओंजळभर गहू बांधले. "बाप्यानं ओटी भरायची नसती. तू निस्तं सिस्टरच्या हातात दे."

मलाही जरा कोड्यात पडल्यासारखं झालं होतं. ओटी बघायला मला कशाला बोलावतात, आणि कार्यक्रमाला जाताना खाऊन कशाला जायचं? पण शहरातल्या शिकलेल्या लोकांची रीत वेगळी असेल म्हणून गप्प बसलो. सकाळी टोमॅटोच्या क्रेटांना टेकून, मांडीवर नारळ धरून जीपनं नारायणगावला पोचलो.

मॅडम हिरव्या गाऊनमध्ये दारातच उभ्या. "हे काय?"

"आईनं दिलंय. ओटीला."

सिस्टरनं भिंतीकडे तोंड केलं. मॅडमनी माझ्या हातातला खण बघितला, मग आपला गाऊन बघितला. "रंग तरी बरोबर आणलायस," म्हणाल्या. मग ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर हे त्यांनी मला नीट समजावलं. आतलं ऑपरेशन बघताना मी भिंतीला धरून खाली बसलो तेव्हा खाऊन का यायचं तेही समजलं. दुपारी चहाबरोबर सगळ्यांनी तो नारळ खाल्ला.

इथंच थांबलं असतं तर बरं. पण ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर हे माझ्या डोक्यात असं घट्ट बसलं, की तिथं दुसऱ्या अर्थाला जागाच उरली नाही.

प्रवेशाला वडील आणि मी मुंबईला गेलो. मोठा हॉल होता. गुणांप्रमाणे एकेकाला पुढं बोलवत होते आणि उरलेल्या जागा फळ्यावर दिसत होत्या. माझा नंबर जवळ येईतो एमबीबीएस संपलं, दात संपले. उरलं होतं लांब कुठंतरी आयुर्वेद, आणि मुंबईतच ओटी. आधीच्या पोरांनी ही जागा सोडली कशी, म्हणून मला त्यांची कीव आली.

"दादा, ओटी शिल्लक आहे," मी वडिलांना म्हणालो.

"तीच का ती, नारळाची?"

"तीच. ऑपरेशनची."

"मंग ती उरली कशी राव?" वडील म्हणाले. त्या हॉलमध्ये आम्हा दोघांत निघालेला हा एकमेव शहाणा प्रश्न होता, आणि मी तो कानाआड केला.

टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "ओटी नक्की? माहिती घेतलीय ना?"

"मी ओटी आतून बघितलीय, सर," मी म्हणालो.

पेढे घेऊन मॅडमकडे गेलो. मी काय घेतलं ते ऐकून त्यांनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. "अरे, ही ओटी वेगळी. ऑक्युपेशनल थेरपी."

"म्हणजे?"

"म्हणजे लकवा झालेल्या माणसांना, हाताला मार लागलेल्यांना रोजची कामं परत करायला शिकवतात. साधारण."

त्या 'साधारण'नं माझं अवसान गेलं. सोमवारपर्यंत जागा रद्द करता येत होती. रद्द केली तर पुढच्या फेरीत आयुर्वेद मिळेल, नाहीतर काहीच नाही आणि वर्ष घरी. मी काय करू, असं मॅडमना विचारलं.

"मला विचारू नकोस. मी ते काम कधी बघितलेलं नाही, आणि न बघितलेल्या माणसाचा सल्ला घेऊ नये. पुण्यात एका हॉस्पिटलात हा विभाग आहे. दिवसभर तिथं थांब. पगाराचं नंतर विचार. आधी विचार, ह्या कामात कंटाळा कशाचा येतो."

गेलो. त्या खोलीत ऑपरेशनचं टेबल नव्हतं. एक शेगडी होती, नळ होता, गुंड्या-काजांचं कापड ठोकलेली फळी होती. मंचरकडची एक बाई परातीपुढं बसली होती. तिची उजवी बाजू लकव्यानं गेलेली. थेरपिस्ट शेजारी नुसता बसून होता आणि ती डाव्या हातानं उजवा हात उचलून पिठावर ठेवत होती.

"पावणं, तुमी डॉक्टर का?" तिनं मला विचारलं.

"अजून ठरलं नाही."

"ठरंस्तवर परात धरा. सरकतीय."

मी धरली. पहिली भाकरी मधोमध फाटली. "ही कुत्र्याला," बाई म्हणाली. दुसरीही कुत्र्याला. बऱ्याच वेळानं थेरपिस्टनं उठून परातीखाली एक ओलं फडकं घातलं आणि परात जागची हलेना. मी उगाच धरून बसलो होतो. मॅडमनी सांगितलेला प्रश्न मी त्याला विचारला. तो म्हणाला, "थांबायचा. ती करतेय आणि आपण हात घालायचा नाही, ह्याचा." संध्याकाळकडं एक भाकरी बऱ्यापैकी गोल झाली. बाईनं ती निरखून बघितली. "ही दिराला चालंल."

घरी वडिलांनी विचारलं, "काय बघितलं?"

"एक बाई भाकरी थापत होती."

"आन् डॉक्टर?"

"तो बघत होता."

"हे शिकाया मुंबईला जायाचं?"

मामानं पुन्हा दातांचं सांगितलं. सोमवारी जागा रद्द करायची असं सगळ्यांनी ठरवलं, आणि मीही मान हलवली.

सोमवारी जागा रद्द करायला मुंबईला जायचं म्हणून कागदांची पिशवी घेऊन मी फाट्यावर उभा राहिलो. माझ्या डोक्यात आयुर्वेद नव्हतं, पांढरा कोट नव्हता. ती भाकरी दिरानं खाल्ली का, आणि आज ती बाई परत परातीपुढं बसली असेल का, एवढंच तिथं फिरत होतं. कचेरीच्या वेळेत पोचवणारी एकच, कल्याणची एसटी आली, थांबली. कंडक्टरनं दारातून विचारलं, "यायचंय का नाय, भाऊ?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

त्यानं घंटी मारली. गाडी माझी जागा माझ्याकडेच ठेवून माळशेज घाटाकडं निघून गेली, आणि घरी जाऊन काय सांगायचं ह्याचा विचार करत मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत तिथंच उभा राहिलो.