एकरी एक आऊटडोअर

गेल्या रविवारी वाघोलीतल्या एका मोठ्या सोसायटीत कॉल होता. क्लबहाऊसचा एसी गार करत नाही आणि आत भाषण चालू आहे, लवकर या. भाषण कशावर, तर तापमानवाढीवर... मला हसूच आलं.

मी एसी मेकॅनिक. गाव यवतमाळकडे, शाळा नववीत सुटली, सात वर्षं पुण्यात आहे. लिहिण्यात काही चुकलं तर शिकलेल्यांनी समजून घ्यावं.

आत साठेक लोक, बहुतेक आयटीवाले. एक मॅडम प्रोजेक्टरवर दाखवत होत्या, पृथ्वीवर किती जादा उष्णता साठतेय ते. आकडा एवढा लांब की शून्यं पार स्क्रीनच्या काठाला गेलेली. मी शिडीवर चढून फिल्टर काढत होतो, वरून मला सगळ्यांचे मोबाईल दिसत होते.

हाफ पँटमधल्या एकाने विचारलं, "मॅडम, एक-दीड डिग्री म्हणजे रिमोटचं एक बटण ना?" सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण कसनुसं.

एसीला आत काहीच झालं नव्हतं. म्हणून बाहेर आऊटडोअर, म्हणजे आतली गरमी बाहेर फेकणारं युनिट, बघायला गेलो. मागच्या गेटजवळ तीन युनिटं ओळीने लावलेली आणि त्यांच्या तोंडासमोर पाच फुटांवर वॉचमनचं टेबल. मधे एक जुना फ्लेक्स ताणून बांधलेला. गणपतीच्या शुभेच्छांचा, अख्खी कमिटी हात जोडून उभी... गरम हवेने त्यातल्या सेक्रेटरींचा चेहरा सुरकुतून खाली लोंबला होता.

तो फ्लेक्स वॉचमन किसनमामांनी बांधला होता. साठी उलटलेला माणूस, बारा तासांची ड्युटी. आदल्या आठवड्यात तिथेच चक्कर येऊन पडले, सलाइन लावलं आणि दुसऱ्या दिवशी परत टेबलावर.

"सगळी हवा छातीवर येते रे बाळा," मामा म्हणाले. "खुर्ची सरकवली की साहेब कॅमेऱ्यात बघतात आणि फोन करतात, गेट सोडून कुठे चाललात म्हणून."

गरम हवा फ्लेक्सला अडून परत युनिटातच शिरत होती, म्हणून कॉम्प्रेसर बंद पडत होता. एवढाच फॉल्ट. फ्लेक्स काढला की एसी चालू... आणि मामा परत त्या झळीत.

मी सेक्रेटरींना बोलावून दाखवलं. म्हटलं, साहेब, युनिटं गच्चीवर घ्या. ते मूळचे सदाशिव पेठेतले. आधी त्यांनी फ्लेक्सवरचा स्वतःचा चेहरा नीट बघितला. मग म्हणाले, "आपल्याला एसी बघायला बोलावलंय की वॉचमनची प्रकृती? काढा ते."

माझं डोकं फिरलं. अहो, एसी उष्णता मारत नाही, फक्त हलवतो. साठ लोकांची गरमी उचलायची, एका म्हाताऱ्याच्या अंगावर टाकायची आणि आत बसून पृथ्वीची काळजी करायची...

तेवढ्यात हॉल तापला म्हणून ब्रेक झाला आणि मॅडम बाहेर आल्या. मी धीर करून म्हटलं, "मॅडम, ती शून्यं राहू द्या. एका एकरात किती गरमी साठते ते सांगा." आम्हाला गावाकडे सगळं एकरातच कळतं. त्या म्हणाल्या, "एकर नाही सांगता येणार. पण सरासरी काढली तर दर चौरस मीटरला साधारण एक वॅट."

एक वॅट म्हणजे देवघरातला छोटा बल्ब. मलाही वाटलं, बस एवढंच? मग तिथल्याच एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांडलं. एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर. म्हणजे चार हजार वॅट... आणि हात थांबला. एक टनाच्या एसीचा आऊटडोअर साधारण एवढीच गरमी बाहेर फेकतो. हे मला पुस्तकात बघावं लागत नाही, रोज तोंडावर घेतो.

म्हणजे एकरी एक आऊटडोअर. शेतावर, डोंगरावर, वाळवंटावर, अख्ख्या समुद्रावर... रात्रंदिवस चालू. मॅडम म्हणाल्या, "त्यातली बहुतेक गरमी समुद्र पोटात घेतो, म्हणून आपल्याला एक-दीड डिग्रीच दिसते."

त्यांनी मला आत नेऊन हेच सांगायला लावलं. मी मामांचं, त्यांच्या चक्करीचं आणि फ्लेक्सचंही सांगितलं. मोबाईल खाली गेले. हाफ पँटवाला म्हणाला, "आपली सोसायटी आठ एकर आहे," आणि बोटांवर आठ आऊटडोअर मोजले. मग टाळ्या झाल्या, पुठ्ठ्याचे फोटो काढले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

टाळ्या थांबल्या तसे सेक्रेटरी माईकवर म्हणाले, "उत्तम. आता तो फ्लेक्स तेवढा काढा आणि एसी चालू करून द्या. अजून तासभर बसायचंय."

हॉलमधून एक आवाज निघाला नाही. मामांचं सगळं मी आत्ताच, त्यांच्यासमोर सांगितलं होतं... राग आहे तो याचा. अख्ख्या पृथ्वीचं समजलं आणि मागच्या गेटवरच्या माणसाचं समजेना?

मी फ्लेक्सला हात लावला नाही. एसीचा मेन स्विच बंद केला आणि जॉबशीटवर लिहिलं, "मशीन ठीक. जागा चुकीची. युनिटं हलवल्याशिवाय चालू करू नये." सेक्रेटरींनी सही केली नाही, कंपनीत तक्रार करतो म्हणाले. सोमवारी केलीही. करू दे.

मॅडमनी मात्र लॅपटॉप मिटला. राहिलेलं मागच्या गेटपाशी सावलीत सांगते म्हणाल्या. वीसेक जण आले, बाकीचे घरी गेले. मॅडम, तुम्हाला मनापासून थँक्यू.

कस्टमरच्या सहीशिवाय शीट जमा होत नाही. मी ती मामांसमोर धरली.

"मी कुठला रे कस्टमर?"

"ज्याला गरम होतं तो, मामा."

त्यांनी शर्टाला चष्मा पुसला आणि सावकाश अख्खं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.