टिंगटिंग मास्तरांचं गाणं

टिंगटिंग मास्तरांनी आयुष्यात एकही गाणं पुरं वाजवलं नाही. निदान मी तरी ऐकलं नाही. आणि ऐकलं असेलच, तर मला ते कळलं नाही.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास मी शेवगावच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा ते तिथे चित्रकला शिकवत. नगरच्या कुणा मडमेने मायदेशी परतताना त्यांच्या आईला एक युकुलेले दिलं होतं. चार तारांचं, गिटारीसारखं, पण काखेत मावेल एवढं. शाळेत सगळे त्याला सतारीचं पिल्लू म्हणायचे.

मधल्या सुट्टीत मास्तर लिंबाखाली बसून सराव करत. रामभाऊ शिपाई रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायचा. त्याचाच सूर धरून मास्तर निघत आणि कुठे पोचतील ते त्यांनाही ठाऊक नसे. "आज घरात कांदा आणि पीठ," असं म्हणाले की समजायचं, आज दोनच सूर. त्या दोन सुरांचं ते पिठलं, झुणका, धिरडं, काय काय करत! एकदा मी विचारलं, "सर, एखादं गाणं का नाही बसवत?" तर म्हणाले, "बाई, पाठ केलं की बोटं झोपी जातात. रोज नवं करायला लावलं की जागी राहतात."

मला हे पटायचं, पण कळायचं नाही. अहो, रोज काठावर हातपाय हलवणारा माणूस कधीतरी विहिरीत उडी मारणार की नाही? रामभाऊही रोज विचारायचा, "मास्तर, गानं कव्हा लागायचं वो?" मास्तर नुसते हसायचे आणि वाजवत राहायचे.

त्यांची इच्छा एकच होती. शनिवारी मुलांना संगीताचा एक तास मिळावा. हेडमास्तर म्हणाले, "स्नेहसंमेलनात वाजवून दाखवा. लोकांना आवडलं तर तास तुमचा." मास्तर इतके हरखले की वर्गावर्गात जाऊन सांगून आले. मी मात्र धास्तावले. "त्या दिवशी तरी ओळखीचं काही वाजवा हो," मी काकुळतीने म्हटलं.

"बघू, त्या दिवशी घरात काय असेल ते."

संमेलनाला सगळं गाव लोटलं. मास्तरांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. बराच वेळ वाजवत होते. लोक अगदी गप्प. भजनाआधी वीणा, पखवाज लावायला वेळ लागतो हे आमच्या गावाला माहीत. सगळे समजूतदारपणे थांबले होते. मास्तर उठले, त्यांनी हात जोडले. एक टाळी पडली नाही. पुढच्या खुर्चीतले पाहुणे, एक बडे बागाईतदार, प्रेमाने म्हणाले, "लागल्या का तारा? घाई न्हाई, मास्तर. आता हू द्या गानं."

कुणी हसलं असतं तरी बरं झालं असतं. पण सगळे खरोखरच गाण्याची वाट बघत होते. मास्तर माझ्याकडे बघायला लागले, मी हेडमास्तरांकडे आणि हेडमास्तर घड्याळाकडे. ते वाजवणं होतं की तारा लावणं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

तास मिळाला नाही. उन्हाळ्यात मास्तरांची संस्थेच्या राजूरच्या शाळेत बदली झाली. रामभाऊ आणि मी त्यांना पोचवायला एसटी स्टँडवर गेलो. गाडीचा पत्ता नव्हता. मास्तरांनी पिल्लू बाहेर काढलं.

"आज घरात काय आहे?" मी विचारलं.

"आज काहीच नाही, बाई. पाण्याला फोडणी घालतो."

शेजारी रसवंतीचे घुंगरू वाजत होते. त्यांचा ठेका धरून मास्तर निघाले. गाडी कधी आली कळलंच नाही. कंडक्टर ओरडला तेव्हा ते धावत चढले, खिडकीतून हात हलवला आणि गेले.

आम्ही दोघं धुळीत उभे होतो. रामभाऊ म्हणाला, "बाई, आज मास्तरांला गानं कव्हा लागायचं, ते इचारायचंच ऱ्हायलं."

ऐकण्याच्या नादात माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मला एकदम रडू फुटलं.